पायाचं माप

रात्री दहाला अकराही दारांसमोर
बूट काढून ठेवायचे असतात, टाचा भिंतीकडे.
मी बॅटरी घेऊन दर पंधरा मिनिटांनी फिरते,
काचेच्या चौकोनातून बघते छाती हलते का,
आणि तक्त्यात लिहिते:
झोपलाय. झोपलाय. झोपलाय.
छताकडे बघत पडलाय, असा रकाना नाही.

सात नंबरचा नेहेमियास जानेवारीत आला
तेव्हा त्याला नऊचे बूट दिले होते.
एप्रिलात साडेदहा लागले.
गोदामातला डेल्बर्ट वैतागला,
"पोरगं बूट खातं की काय?"
मग खोकं फोडताना आपणच पुटपुटला,
"पायांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, कुठे आहेत ते."

रविवारी त्याची आई येते, ओब्दुलिया,
याकिमाच्या पॅकिंग शेडमधून थेट,
सफरचंदांना चोपडायचं मेण अजून नखांत.
टेबलावर हात ठेवायचे, दोघांनीही, दिसतील असे.
जेवतोस का?
हो.
इत्सेल?
गाडीत.
बारा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत.
नऊ वर्षांची इत्सेल गाडीच्या काचेवर हा करून वाफ धरते,
तिच्यात बोटाने घर काढते, पुसते, पुन्हा हा करते.
एकदा जाता जाता मी हात केला.
तिने दार आतून लॉक केलं.
बरोबर केलं.

वकील प्रुइट त्याचं नाव दर वेळी चुकवतात.
पण एकदा, शिफ्टला येताना, रात्री साडेनऊला
पार्किंगमध्ये गाडीचा दिवा लावून
त्याचीच फाईल वाचताना दिसले,
मांडीवर गार झालेलं सँडविच.

आणि ज्याचं मनगट मोडलं तो ओर्विल.
त्याच्याकडूनच मी दूध घेते, गावात दुसरं दुकान नाही.
प्लास्टर निघालं, हाड वाकडं बसलं.
आता डाव्या हाताने सुटे मोजतो, दोनदा चुकतो.
परवा गिऱ्हाईक नसताना म्हणाला,
"झोप लागते का त्याला?"
मला सांगायची परवानगी नाही.
मी विचारलं, "दुधाचे किती?"
"मला लागत नाही," तो म्हणाला, "म्हणून विचारलं."

गुरुवारी कोर्ट होतं.
आईने इस्त्रीचा शर्ट आणला,
आणि नवे काळे बूट, चकचकीत, नऊ नंबरचे.
तिला कुणी कळवलंच नव्हतं.
मीसुद्धा नाही.
माझी शिफ्ट संपली होती, तरी घुटमळले.
त्याने बोटं मुडपून पाय कोंबला,
टाच बाहेरच राहिली.
ओब्दुलिया खाली फरशीवर बसली
आणि अंगठ्याने टाच आत लोटत राहिली,
लोटत राहिली,
शाळेच्या पहिल्या दिवशी लोटली असेल तशी.
डेल्बर्टने भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड फिरवलं.
"बसतात, मामा," तो म्हणाला. "थोडे घट्ट आहेत. बसतात."

मागची कड चेपून, सपातांसारखे फरफटवत
तो गेला.
न्यायाधीशबाईंना वाटलं असेल,
पोरगं मुद्दाम पाय ओढत येतंय.

तारीख पडली. जूनची.

रात्री सातच्या दारासमोर पुन्हा साडेदहाचे बूट,
टाचा भिंतीकडे.
सव्वातीनला तो काचेशी उभा होता,
पावलांवर पट्ट्या.
"मिस, तिला तुम्ही सांगाल का?
पुढच्या वेळी अकरा घे म्हणावं.
मी सांगितलं तर तिला कळेल, ते बसले नव्हते."

तिला त्याच दिवशी कळलं होतं, पोरा.
हे मी बोलले नाही.
तक्त्यात लिहिलं, झोपलाय.
आणि त्याच पेनाने तळहातावर: अकरा.